पोलीस झडतीला आले तर काय बघायचं, काय मागून घ्यायचं

पोलीस दारात आले की माणूस घाबरतो आणि म्हणतील तिथे सही करून मोकळा होतो. आधी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, झडतीत नियम मोडले म्हणून सापडलेला पुरावा कोर्ट आपोआप बाजूला काढत नाही, पूरनमल या १९७४ च्या झडतीवरच्याच केसपासून सुप्रीम कोर्ट हेच सांगत आलंय. त्यामुळे जे काही करायचं ते तिथल्या तिथे, कागदावर.

जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता (सीआरपीसी) जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता (बीएनएसएस) लागू झालीय, पोलिसांनी तपास आणि झडती कशी करायची ते त्यात आहे. वॉरंट विचारा. तपास अधिकारी काही वेळा वॉरंटशिवायही झडती घेऊ शकतो, पण कलम १८५ प्रमाणे त्याला आधी कारणं लिहायला लागतात आणि ती नोंद ४८ तासांत मॅजिस्ट्रेटकडे पाठवायला लागते, अर्ज केलात तर तिची कॉपी तुम्हाला फुकट मिळते. अडवाअडवी करू नका, पण घरात हजर राहायचा हक्क सोडू पण नका. त्याच भागातले दोन स्वतंत्र पंच पाहिजेत, बाईची अंगझडती बाईच घेणार, आणि कलम १०५ मुळे आता सगळ्याचं व्हिडिओ शूटिंग करावंच लागतं, मोबाईलवर केलं तरी चालतं. "साहेब, शूटिंग चालू आहे ना?" एवढं शांतपणे विचारा.

खरी मेख पंचनाम्यात असते. नुसतं "काळा मोबाईल १" लिहिलं असेल तर कंपनी, मॉडेल, आयएमईआय (फोनचा ओळख नंबर), सिम, काच तडकलेली असेल तर तेही लिहून घ्यायला सांगा, कारण उद्या तो फोन तुमचाच होता का, त्याला मधे कोणी हात लावला का, यावरच वाद होतो. जप्तीच्या यादीची कॉपी घेतल्याशिवाय त्यांना जाऊ देऊ नका म्हणजे निदान मागत तरी राहा.

जबाबाचं वेगळं. आपणच अडकू असं उत्तर द्यायची सक्ती नाही, घटनेचं कलम २०(३) आहे. जबाबावर तुमची सही घ्यायचीच नसते, बीएनएसएसचं कलम १८१ तेच सांगतं, कोऱ्या कागदावर तर अजिबात करू नका. साक्षीदार म्हणून बाईला किंवा ६० वरच्या माणसाला ठाण्यात यायची सक्ती करता येत नाही, पोलिसांनी घरी यायचं. पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही, पण त्या माहितीवरून वस्तू सापडली तर तेवढा भाग चालतो, त्यामुळे "सहज" बोलूच नका.

जप्तीच्या यादीची कॉपी दिलीच नाही तर त्याच दिवशी तारीख-वेळ टाकून पोलीस अधीक्षकांना किंवा आयुक्तालयात लेखी कळवा आणि पोच घ्या.