इन्स्टॉल करायला बसण्यापूर्वी: प्रोग्रामर नसलेल्यांसाठी तयारीची यादी

सगळ्यात आधी एक कोरी फाइल उघडा आणि ती शेवटपर्यंत उघडीच ठेवा. साधं नोटपॅड पुरे. वर्ड मात्र नको, कारण वर्ड सरळ अवतरणचिन्हं वळणदार करतं, दोन जोडरेघांची एक लांब रेघ करतं, आणि तिथून उचललेली कमांड (टर्मिनल या मजकुराच्या खिडकीत टाइप करून मशीनला द्यायची ओळ) मग चालत नाही. मॅकवर टेक्स्टएडिट वापरणार असाल तर ते प्लेन टेक्स्टवर आणून स्मार्ट कोट्स बंद करा. या फाइलमध्ये पहिली नोंद तुमच्या मशीनची: ऑपरेटिंग सिस्टिम कोणती, तिचं व्हर्जन काय, प्रोसेसर कुठला. विंडोजवर हे सेटिंग्जमधल्या सिस्टिम आणि मग अबाउटमध्ये दिसतं, मॅकवर ॲपल मेनूतल्या ‘अबाउट धिस मॅक’मध्ये. प्रोसेसरची नोंद टाळू नका. ॲपलने २०२० पासून मॅकमध्ये स्वतःच्या एम मालिकेच्या चिप्स घालायला सुरुवात केली, त्यामुळे डाउनलोडच्या पानावर बऱ्याचदा इंटेलसाठी एक आणि ॲपल सिलिकॉनसाठी दुसरी अशा दोन फाइली असतात. चुकीची उचलली तर पुढचे एरर भलत्याच गोष्टीविषयी बोलत राहतात.

मशीन ऑफिसचं असेल तर ॲडमिनचे अधिकार आहेत का, हे आजच विचारून घ्या. डिस्कवर जागा आहे का तेही बघा.

मग जो प्रोग्राम बसवायचा आहे त्याचं डॉक्युमेंटेशन, म्हणजे तो कसा बसवायचा ते सांगणारं पान. ते वरपासून खालपर्यंत एकदा नुसतं वाचा, हात कीबोर्डवर न नेता. ‘प्रीरिक्विझिट्स’ किंवा ‘रिक्वायरमेंट्स’ हा भाग असेल तर तो दोनदा. इथे एक गोष्ट मनापासून सांगायची आहे: पान समजलं नाही याचा अर्थ तुम्ही कमी पडलात असा होत नाही. ते लिहिणाऱ्याच्या मशीनवर गिट, पायथन, नोड ही प्रोग्रामरांची नेहमीची साधनं, सगळं कित्येक वर्षांपासून बसलेलं असतं. त्याला ज्या पायऱ्या कराव्याच लागल्या नाहीत, त्या लिहायचंही त्याला सुचत नाही. तुम्ही अडता ते बहुतेक वेळा अशा न लिहिलेल्या पायरीवर. म्हणून वाचताना प्रत्येक कमांडपाशी ‘हे आधीच असायला हवं, असं इथे गृहीत धरलंय का?’ असं विचारा आणि उत्तर फाइलमध्ये लिहा.

पान कुठल्या व्हर्जनसाठी आहे तेही टिपा. पायथन २ चा अधिकृत आधार १ जानेवारी २०२० रोजी संपला, तरी त्या काळातली पानं शोधात अजून सापडतात आणि त्यांतल्या कमांड आज मोडतात. एकदा एक मार्गदर्शिका निवडली की तीच धरा. अर्ध्या पायऱ्या अधिकृत पानावरून आणि अर्ध्या कुठल्या व्हिडिओतून केल्या, तर एकाच मशीनवर दोन पायथन बसतात आणि कमांड नेमकी कोणाला जातेय ते कळेनासं होतं.

कमांड लिहिण्याची रीत माहीत करून घ्या. ओळीच्या सुरुवातीचं $ हे चिन्ह टाइप करायचं नसतं. ‘ही ओळ टर्मिनलमध्ये द्या’ एवढंच ते सांगतं. तीन >>> दिसले तर ती ओळ टर्मिनलसाठी नाही, पायथनच्या आतली आहे. < आणि > यांच्यामध्ये लिहिलेलं नाव म्हणजे ‘इथे तुमचं घाला’, आणि घालताना ते कंसही काढायचे.

कामासाठी नवं फोल्डर करा: नाव छोटं, रोमन अक्षरांत, मध्ये मोकळी जागा नाही. ते वनड्राइव्ह किंवा आयक्लाउडच्या बाहेर असू द्या. सिंक चालू असताना फाइली मध्येच अडकतात. विंडोजमध्ये फाइलच्या पूर्ण पत्त्याला पूर्वापार २६० अक्षरांची मर्यादा आहे आणि काही प्रोग्राम अजून तिच्यावरच अडतात, म्हणून फोल्डरात फोल्डर अशी उतरंड नको. विंडोजमध्येच फाइलची एक्स्टेन्शन्स (नावामागचं .txt सारखं शेपूट) दिसतील असं सेटिंग करा. नाहीतर नोटपॅडमध्ये जपून केलेली कॉन्फिगरेशनची फाइल मागे टेक्स्टचं शेपूट लावून सेव्ह होते, तुम्हाला ते दिसत नाही, आणि प्रोग्राम मात्र फाइल सापडत नाही म्हणून सांगत राहतो.

पाथसाठी वेगळा वेळ काढा, कारण नवख्या माणसाला सर्वांत जास्त हाच छळतो. टर्मिनलमध्ये प्रोग्रामचं नाव टाइप केलं की सिस्टिम पूर्ण डिस्क धुंडाळत नाही. पाथ नावाच्या यादीत लिहिलेल्या फोल्डरांतच ती बघते. प्रोग्राम व्यवस्थित बसलेला असूनही त्याचं फोल्डर त्या यादीत नसेल तर ‘कमांड नॉट फाउंड’ येतं. विंडोजवर ‘इज नॉट रेकग्नाइज्ड’ असं लांबलचक वाक्य येतं. अशा वेळी लोक तोच प्रोग्राम पुन्हा पुन्हा बसवत राहतात. विंडोजवरच्या पायथनच्या नेहमीच्या इन्स्टॉलरमध्ये पहिल्याच पडद्यावर खाली पाथमध्ये भर घालण्याचा चौकोन असतो, आणि तो मुळात रिकामा असतो. त्यात टिक करा. पाथ बदलल्यावर उघडं टर्मिनल बंद करून नवं उघडा, कारण जुन्या खिडकीला जुनीच यादी ठाऊक असते. विंडोजवर पायथन टाइप केल्यावर मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडलं, तर तोही याच कुळातला प्रकार आहे. मॅक आणि लिनक्सवर पायथनच्या कमांडच्या नावाला शेवटी बहुधा ३ चा आकडा लागतो (python3), तो लावून पाहा.

प्रत्यक्ष काम एका वेळी एकच ओळ. पाच ओळी एकदम पेस्ट केल्या तर कोणती मोडली ते सापडत नाही. प्रत्येक साधन बसवलं की लगेच त्याचं व्हर्जन विचारा आणि उत्तर फाइलमध्ये उतरवा. कमांडनंतर काहीच न छापता नवी ओळ आली तर घाबरू नका, बहुतेक वेळा ते काम झाल्याचं लक्षण असतं. पासवर्ड टाइप करताना टर्मिनलमध्ये बहुधा ठिपकेही उमटत नाहीत. टाइप करून एंटर दाबा. आणि कंट्रोल-सीने तिथे कॉपी होईलच असं नाही, चालू असलेली कमांड थांबू शकते.

एरर आला की पूर्ण मजकूर आधी फाइलमध्ये कॉपी करा, मग वाचा. पायथनचा ट्रेसबॅक (एरर कुठून कुठे आला त्याची यादी) तळापासून वाचायचा, खरं कारण शेवटच्या ओळीत असतं. कोड कंपाइल होताना (मशीनला चालवता येईल अशा रूपात बदलताना) आलेल्या एररांत उलट: पहिला महत्त्वाचा, पुढचे बरेचसे त्याच्याच पोटी आलेले. ‘वॉर्निंग’ किंवा ‘डेप्रिकेटेड’ (आता वापरू नये असं जुनं) म्हणजे काम थांबलेलं नाही. ते नोंदवा आणि पुढे चला. ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ आलं तर आधी आपण कुठल्या फोल्डरमध्ये उभे आहोत ते बघा. ‘मॉड्यूल नॉट फाउंड’ म्हणजे एखादं पॅकेज (तयार कोडचा संच) नाही, किंवा ते दुसऱ्या पायथनमध्ये बसलंय. पोर्ट (प्रोग्राम ज्या क्रमांकावर जोडणीची वाट बघतो तो) वापरात असल्याचा एरर आला तर बहुधा तोच प्रोग्राम आधीच्या खिडकीत चालू असतो. सेटिंग्जची फाइल वाचता येत नसेल तर विरामचिन्हं तपासा. अशा फाइली बहुधा जेसन किंवा यामल या पद्धतीने लिहितात: जेसनमध्ये शेवटच्या नोंदीनंतर स्वल्पविराम चालत नाही आणि यामलमध्ये ओळ आत सरकवायला टॅब चालत नाही, स्पेसच लागते.

‘परमिशन डिनाइड’ दिसलं की ओळीच्या आधी सूडो लावायचा मोह होतो. तो आवरा. सूडो म्हणजे त्या कमांडला मशीनवर वाटेल ते करण्याची मुभा, आणि ती न समजलेल्या ओळीला देऊ नये. नव्या लिनक्सवर पायथनचं पॅकेज बसवताना ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट’ असा नकार येतो, तेव्हाही जबरदस्तीचा पर्याय निवडू नका. प्रकल्पासाठी व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे त्याच्यापुरती पायथनची वेगळी जागा, करा. ती सोय पायथनमध्ये ३.३ पासून आहे.

तरीही अडलात तर एररमधून तुमच्या युजरचं आणि फोल्डरचं नाव काढून उरलेलं वाक्य अवतरणांत शोधा. प्रकल्पाच्या इश्यूंमध्ये (लोकांनी नोंदवलेल्या अडचणींच्या यादीत) बंद झालेलेही चाळा, उत्तरं बहुतेक तिथेच असतात. माणसाला विचारा किंवा चॅटबॉटला, काय करायचं होतं, कोणती कमांड दिली, काय आलं आणि मशीनची नोंद हे चारही द्या. स्क्रीनशॉटऐवजी मजकूर द्या, आणि पाठवण्याआधी त्यात पासवर्ड किंवा एपीआय की (एखाद्या सेवेची तुमची गुप्त किल्ली) राहिली नाही ना ते ओळ न ओळ तपासा. चुकून गेलीच तर ती लगेच रद्द करून नवी घ्या, पोस्ट पुसून भागत नाही.

सगळं चाललं की फाइल बंद करण्याआधी ज्या पायऱ्या खरोखर लागल्या त्या क्रमाने ठेवा आणि बाकीच्या खोडा. मग त्या प्रकल्पाला कळवा. डॉक्युमेंटेशनच्या पानावर बऱ्याचदा दुरुस्ती सुचवण्याचा दुवा असतो, नसला तर इश्यू उघडता येतो. त्यासाठी कोड यावा लागत नाही. कुठल्या ओळीपाशी अडलात, सिस्टिम कोणती होती आणि तिथे कोणतं वाक्य असतं तर अडला नसता, एवढंच लिहा. ज्यांच्या मशीनवर सगळं आधीच बसलेलं आहे त्यांना ही उणीव दिसू शकत नाही. ती तुम्हालाच दिसली आहे.