मृत्युपत्र करताना या चुका टाळा

मृत्युपत्रावर वाद होतो तेव्हा ते करणारी व्यक्ती खुलासा करायला हयात नसते. जे काही सिद्ध करायचे, ते कागद आणि साक्षीदार यांच्यावरच. म्हणून सगळ्यात जास्त काळजी सह्यांची घ्या.

भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ च्या कलम ६३ नुसार किमान दोन साक्षीदार लागतात. प्रत्येकाने तुम्हाला सही करताना पाहिलेले असावे किंवा ‘ही सही माझी’ हे तुमच्या तोंडून ऐकलेले असावे, आणि स्वतःची सही तुमच्यासमोर करावी. सही केलेला कागद शेजाऱ्यांकडे पाठवून सह्या गोळा केल्या की उलटतपासणीत साक्षीदार अडखळतो आणि मृत्युपत्र कोसळते. दोघांनी एकाच वेळी हजर असण्याची अट कायद्यात नाही, तरी तिघे एकत्र बसा. साक्षीदार तुमच्यापेक्षा तरुण निवडा, कारण पुढे त्यांच्यापैकी एकाला तरी कोर्टात बोलवावे लागते. ज्याला मालमत्ता मिळणार, तो किंवा त्याचा जोडीदार साक्षीदार नको. ख्रिस्ती आणि पारशी मृत्युपत्रांत अशी देणगीच रद्द होते. हिंदूंना तो नियम लागू नाही, पण विरोधी वकिलाला आयता मुद्दा मिळतो.

नोंदणी ऐच्छिक आहे, स्टॅम्प ड्युटी लागत नाही, साधा कागदही चालतो. नोंदणी जरूर करा, पण तिच्यामुळे साक्षीदार तपासायची गरज संपते असे समजू नका. वय झाले असेल किंवा आजारपण असेल तर त्याच दिवसाचा डॉक्टरांचा दाखला जोडा.

‘नॉमिनी लावलाय, आता मृत्युपत्र कशाला?’ हा समज घराघरांत भांडणे लावतो. नॉमिनी पैसे किंवा शेअर स्वीकारतो. मालकी वारसांची किंवा मृत्युपत्रात नाव असलेल्यांची असते. शेअर्सबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये हेच सांगितले. विम्यात मात्र २०१५ च्या दुरुस्तीनंतर आई-वडील, जोडीदार किंवा मुले नॉमिनी असतील तर रक्कम त्यांचीच होते. म्हणून नॉमिनेशन आणि मृत्युपत्र शेजारी ठेवून नावे जुळवून बघा.

वडिलोपार्जित घर एकट्याचे समजून देऊन टाकू नका. एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत हिंदू व्यक्तीला फक्त आपल्या हिश्श्यापुरतेच मृत्युपत्र करता येते. मुस्लिम व्यक्तीला वारसांच्या संमतीशिवाय साधारणपणे एक तृतीयांशापर्यंतच देता येते. मिळकतीचे वर्णन सात-बारा किंवा करारनाम्याशी ताडून लिहा. ‘गावची जमीन’ एवढ्याने भागत नाही.

मागाहून पेनाने आकडा किंवा नाव खोडून बदलले तर तो बदल धरला जात नाही. त्या जागी तुमची आणि साक्षीदारांची सही हवी. बदल मोठा असेल तर नवे मृत्युपत्रच करा आणि ‘आधीची सर्व मृत्युपत्रे रद्द’ हे वाक्य त्यात घाला.

‘याखेरीज माझी जी काही मालमत्ता असेल ती अमुक व्यक्तीला’ हे कलम बरेच जण विसरतात. मग नंतर घेतलेली मुदत ठेव वारसाहक्काने वाटली जाते. लाभार्थी आधी गेला तर त्याचा वाटा कोणाला, तेही लिहा.

मृत्युपत्र अमलात आणणारा व्यवस्थापक नेमा, आणि त्याला आधी विचारा. प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याचा कोर्टाचा दाखला, फक्त मृत्युपत्रात नेमलेल्या व्यवस्थापकालाच मिळते. तो नसेल तर वारसांना प्रशासनपत्रासाठी, म्हणजे मालमत्तेची व्यवस्था लावण्याच्या कोर्टाच्या अधिकारपत्रासाठी, अर्ज करावा लागतो. प्रोबेटने मृत्युपत्र खरे ठरते. घर मुळात तुमचे होते का, हा वाद त्यात सुटत नाही.

मूळ प्रत एकट्याच्या नावावरच्या लॉकरमध्ये ठेवू नका. ती मिळवण्यासाठीच वारसांना खेटे घालावे लागतात. नोंदणी कायद्यानुसार ती सीलबंद लिफाफ्यात जिल्हा निबंधकाकडे जमा करता येते. कुठे ठेवली, ते व्यवस्थापकाला सांगा.