एक्मोवर नव्याने येताय? आधी दोन नळ्यांचा रंग बघा

१९७५ साली डॉ. रॉबर्ट बार्टलेट यांनी कॅलिफोर्नियात एक्मोवर, म्हणजे शरीराबाहेर रक्तात ऑक्सिजन भरून हृदय-फुप्फुसांचं काम सांभाळणाऱ्या यंत्रावर, वाचवलेल्या बाळाची गोष्ट कोर्समध्ये ऐकली असेलच. गोष्ट खरी आहे, पण तिच्यावर भाळून या कामात येऊ नका. इथे पाळीभर सर्किटकडे, म्हणजे पंप आणि नळ्यांकडे, डोळे लावून बसायचं असतं. बराच वेळ काहीच घडत नाही, आणि घडतं तेव्हा विचार करायला उसंत नसते.

बाळाला एक्मोवर कधी घ्यायचं ते ठरवणारे ऑक्सिजनेशन इंडेक्स ४०, वजन २ किलो, गर्भाचे ३४ आठवडे, डोक्याची सोनोग्राफी, आणि रक्त गोठू न देणारं हेपारिन हे पाठ असेल. हृदयच थकलं असेल तर व्हीए (शिरेतून रक्त घेऊन धमनीत सोडायचं), हेही. मला घाम फोडला तो व्हीव्हीतल्या (शिरेतून घेऊन शिरेतच सोडायचं) रीसर्क्युलेशनने, म्हणजे ऑक्सिजन भरलेलं रक्त बाळाला न मिळता पुन्हा यंत्रातच ओढलं जाण्याने.

मानेतल्या शिरेत एकच दुहेरी कॅन्युला, म्हणजे दोन वाटांची नळी. एका वाटेने काळपट रक्त ओढलं जातं, दुसरीने लालभडक परत येतं. परतीची धार हृदयातल्या ट्रायकस्पिड झडपेकडे जायला हवी. कूस बदलताना मान जराशी वळली, कॅन्युला फिरली, की तीच धार पुन्हा ओढणाऱ्या छिद्रांत शिरते. मग ऑक्सिजनेटरआधीचं (तो रक्तात ऑक्सिजन भरतो) सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण, चढतं, आकडा झकास दिसतो, आणि बाळाचं मात्र घसरतं! नवा माणूस लगेच पंपाचा फ्लो वाढवतो. माझाही हात आधी तिकडेच जायचा. फ्लो वाढवला की तेच रक्त आणखी जोरात गोल फिरतं आणि बाळ आणखी निळं पडतं. मान मध्यरेषेत आणा, कॅन्युला किती आत आहे ते तिच्यावरच्या खुणेवरून बघा, सीनियरला बोलावून फ्लो थोडा कमी करून पाहा, एको (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्या. आणि हो, दोन्ही नळ्यांमागे पांढरं गॉज धरा. दोन्ही लालभडक, म्हणजे रीसर्क्युलेशनचा संशय घ्या. दोन्ही काळपट, तर ऑक्सिजनेटर बघा, गॅसची नळी सुटलीय का बघा.

व्हॉट्सअ‍ॅपवरच्या दोन पानी नोट्स सरळ डिलीट करा. कॉन्फरन्स गाजवणाऱ्या सरांपेक्षा रात्रपाळीच्या सिस्टरांमागे उभं राहा. क्लॅम्पचा (नळी चिमट्याने बंद करण्याचा) सराव पाण्याने भरलेल्या सर्किटवर, हाताला क्रम बसेपर्यंत.

घाबरू नका, सुरुवातीला तुम्हाला एकटं कुणी सोडत नाही. मेकोनियमची (पोटातच केलेली शी फुप्फुसात गेलेली) बाळं बहुतेक सावरतात. डायफ्रॅमॅटिक हर्नियाच्या (छाती-पोटामधल्या पडद्याला भोक असलेल्या) बाळांचं तसं नाही. त्यांचे आईबाबा ‘अजून किती दिवस?’ विचारतील. अंदाजाने आकडा सांगू नका, कन्सल्टंटना बोलवा.