गाडी एका बाजूला ओढते? अलाइनमेंटला नेण्याआधी हे तपासा

गाडी डावीकडे किंवा उजवीकडे ओढायला लागली की बहुतेकजण ती थेट व्हील अलाइनमेंटला नेतात. पण अलाइनमेंटचं मशीन फक्त चाकांचे कोन मोजतं. टायरच्या आतला दोष किंवा अडकलेला ब्रेक त्याला कळत नाही. गाडी नेमकी केव्हा ओढते हे आधी पक्कं केलंत, तर निम्मं निदान तिथेच होतं.

गाडी सरळ जाते, पण स्टिअरिंग वाकडं राहतं, असं असेल तर ते ओढणं नव्हे. तो बहुतेक वेळा 'टो'चा, म्हणजे वरून बघताना चाकं आत किंवा बाहेर वळलेली असण्याच्या कोनाचा बिघाड असतो आणि तो खरोखरच अलाइनमेंटने जातो.

चाचणीसाठी रिकामा, सरळ रस्ता बघा, जोराचा वारा नको. वेग ताशी 50 ते 60 किमी. स्टिअरिंगवरची पकड सैल सोडा, पण हात काढून घेऊ नका, बोटं टेकलेलीच असू द्या. एकदा कायम वेगाने जा, एकदा ॲक्सिलरेटर दाबून, एकदा हळू ब्रेक लावून. पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून रस्त्याला कडेकडे साधारण 2 टक्के उतार दिलेला असतो, त्यामुळे धडधाकट गाडीसुद्धा कडेकडे हळूहळू सरकते. उलट उतार असलेल्या भागावर गाडी उलट बाजूला सरकली, तर दोष रस्त्याचा. तिथेही त्याच बाजूला ओढली, तर गाडीचा.

मग हवा तपासा. गाडी निदान 3 तास उभी असावी, कारण गरम टायर जास्त प्रेशर दाखवतो. आकडा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवरचा घ्या. टायरच्या बाजूवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, भरायचा नव्हे. पुढच्या दोन टायरांत 5-6 पीएसआयचा फरक असला तरी गाडी कमी हवेच्या बाजूला जाऊ शकते. एकाच एक्सलवर (पुढच्या किंवा मागच्या जोडीत) एक नवा आणि एक झिजलेला, किंवा वेगळ्या नक्षीचे टायर असतील, तर तेही कारण असू शकतं.

यानंतरची चाचणी सगळ्यात कामाची, आणि तीच सगळ्यात जास्त टाळली जाते: पुढची दोन चाकं आपसात बदला. ओढ उलट बाजूला गेली किंवा नाहीशी झाली, तर दोष टायरचा. जशीच्या तशी राहिली, तर पुढचे टायर निर्दोष. रेडियल टायरच्या आतले पट्टे किंचित सरकलेले असले, की तो टायर बाहेरून गोल दिसूनही शंकूसारखा चालतो. कागदी पेला जमिनीवर आडवा टाकून ढकलून बघा, तो सरळ न जाता गोल फिरतो, तसंच हे. बॅलन्सिंगने हे जात नाही. असा टायर मागे टाकला, की सहसा ओढ जाणवेनाशी होते. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल, तर डावं-उजवं बदलू नका, त्याच बाजूचं पुढचं-मागचं बदला. नट समोरासमोरच्या क्रमाने आवळा आणि 50 ते 100 किमी चालवल्यावर पुन्हा तपासा.

ओढ टायरची नसेल, तर ब्रेककडे वळा. इथे दोन लक्षणं उलटसुलट असतात आणि तिथेच गफलत होते. ब्रेक न लावताही गाडी ओढत असेल, तर ज्या बाजूला ओढते तिथला ब्रेक चिकटलेला असू शकतो. फक्त ब्रेक लावताना ओढत असेल, तर बहुधा विरुद्ध बाजूचा ब्रेक नीट धरत नसतो आणि गाडी चांगल्या ब्रेककडे झुकते. चिकटलेला ब्रेक ओळखायला 8-10 किमी कमीत कमी ब्रेक लावून चालवा आणि थांबून रिमजवळ हात न्या, टेकवू नका. एक चाक दुसऱ्यापेक्षा स्पष्ट गरम लागतं, कधी करपट वासही येतो.

मग गाडी सपाट जमिनीवर घ्या, मागच्या चाकांना अडणी लावा, पुढून जॅकने उचलून स्टँडवर टेकवा. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून काम करू नका. चाक हाताने फिरवा. जड फिरत असेल, तर कॅलिपरचा (ब्रेक पॅड डिस्कवर दाबणारा भाग) ब्लीडर स्क्रू, म्हणजे ब्रेक ऑइल बाहेर सोडायचा छोटा स्क्रू, किंचित सैल करा, डोळ्यांवर सुरक्षेचा चष्मा हवाच. तेल उडून चाक लगेच मोकळं झालं, तर प्रेशर अडकून राहिलं होतं, आणि ते बहुतेकदा ब्रेक ऑइलच्या आतून फुगलेल्या रबरी होजमुळे (नळीमुळे). तरीही चाक जडच राहिलं, तर पिस्टन किंवा कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या स्लाइड पिना जाम आहेत. काम झाल्यावर ब्रेक ऑइल भरून ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायला विसरू नका.

चाक उचललेलंच आहे, तर ते वर-खाली धरून हलवा: खटखट आली तर बॉल जॉइंट (चाकाला आर्मशी जोडणारा सांधा) किंवा चाकाचं बेअरिंग. डावं-उजवं धरून हलवा: खटखट आली तर टाय रॉड एंड (स्टिअरिंगला चाकाशी जोडणारा सांधा). लोअर आर्मच्या (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याच्या) बुशचं, म्हणजे तो जिथे गाडीला जोडलेला असतो तिथल्या बसणीचं, रबर फाटलं आहे का, ते टॉर्चने बघा. असा बुश ब्रेक लावताना किंवा ॲक्सिलरेटर दाबताना सरकतो, मग चाकाचा कोनही सरकतो. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या काही गाड्या मात्र जोरात ॲक्सिलरेटर दाबल्यावर मुळातच थोड्या ओढतात. इंजिनाची ताकद चाकांपर्यंत नेणारे दोन बाजूंचे ड्राइव्ह शाफ्ट लांबीने वेगवेगळे असल्याने हे होतं.

वळण घेतल्यावर गाडी थोडा वेळ त्याच बाजूला ओढत राहते आणि उलट वळल्यावर ओढही उलटते? स्ट्रटच्या (पुढच्या चाकाच्या स्प्रिंग-शॉकॲब्सॉर्बरच्या खांबाच्या) वरच्या माउंटचं बेअरिंग अडकत असेल.

हे सगळं ठीक निघालं, तरच अलाइनमेंट. सैल भाग असताना केलेलं अलाइनमेंट टिकत नाही. छापील रिपोर्ट मागून घ्या आणि 'हिरवं आहे' एवढ्यावर समाधान मानू नका, दोन्ही बाजूंचे आकडे शेजारी ठेवून बघा. प्रत्येक आकडा मर्यादेत असूनही डाव्या-उजव्यात साधारण अर्ध्या अंशाचा फरक असला, तर गाडी ओढू शकते. कॅम्बर म्हणजे समोरून बघताना चाक आत-बाहेर झुकण्याचा कोन; तो ज्या बाजूला जास्त पॉझिटिव्ह (चाकाचं डोकं जास्त बाहेर), गाडी तिकडे जाते. कॅस्टर म्हणजे बाजूने बघताना चाक ज्या अक्षावर वळतं तो मागे कलण्याचा कोन; तो ज्या बाजूला कमी, तिकडे. पुढचा टो दोन चाकांत आपोआप वाटला जातो, म्हणून तो टायर खातो, पण गाडी सहसा ओढत नाही. मागच्या चाकांचा थ्रस्ट अँगल, म्हणजे ती चाकं ज्या दिशेला ढकलतात ती दिशा गाडीच्या मधल्या रेषेशी करते तो कोन, शून्यापासून दूर असेल, तर गाडी तिरकी चालते आणि स्टिअरिंग वाकडं धरावं लागतं. एखाद्या बाजूचा कॅस्टर खूपच वेगळा निघाला, तर ॲडजस्टमेंटच्या मागे न लागता वाकलेला आर्म किंवा सरकलेली सबफ्रेम (इंजिन आणि सस्पेन्शन धरणारी चौकट) शोधा, विशेषतः गाडी मोठ्या खड्ड्यात आपटली असेल तर.