हरभऱ्याची रोपे रात्रीत आडवी? आधी माती उकरून पाहा

हरभरा उगवून आठ-दहा दिवस झाले की काही शेतांत सकाळी रोपे आडवी पडलेली दिसतात. ‘मर लागली’, म्हणजे बुरशीमुळे रोपे सुकण्याचा रोग आला, असे समजून बुरशीनाशकाची आळवणी (मुळाशी औषध ओतणे) सुरू होते आणि पैसा वाया जातो. मर झालेले रोप कोमेजते किंवा कोलमडते, पण जमिनीलगत तुटलेले नसते. मूळ उभे चिरले तर आत काळपट रेषा दिसते. रोप जमिनीलगत कातरल्यासारखे तुटले असेल, तर ते काम रोपे कुरतडणाऱ्या अळीचे, म्हणजे कटवर्मचे.

तुटलेल्या रोपाभोवतीची दोन-तीन इंच माती हलक्या हाताने उकरा. काळपट राखाडी, तेलकट दिसणारी अळी सापडेल. बोट लावताच ती वेटोळे करते. पूर्ण वाढीची अळी ४ ते ५ सेंमी लांब असते. दिवसा ढेकळांखाली आणि काळ्या जमिनीच्या भेगांत दडते, रात्री वर येते. म्हणून दुपारी माती न उकरता शेत नुसते वरवर पाहून काही कळत नाही, वर आलेली अळी पाहायला बॅटरी घेऊन रात्रीच जावे.

या अळीचा पतंग, ॲग्रोटिस इप्सिलॉन, करड्या-तपकिरी रंगाचा असल्याने सहसा नजरेत भरत नाही. त्याची मादी पेरणीआधीच चाकवत, चांदवेल अशा बुटक्या तणांवर अंडी घालते. लहान अळ्या पानांवर जगतात, मोठ्या झाल्या की खोड कापतात. पेरणीच्या तोंडावर तण मारले, तर खायला दुसरे काही न उरलेल्या या अळ्या थेट कोवळ्या हरभऱ्यावर येतात. तण आणि धसकटे पेरणीच्या किमान दोन आठवडे आधी काढा, वखराची पाळी द्या. वर आलेल्या अळ्या बगळे-मैना टिपतात.

पीक उभे असेल तर संध्याकाळी ओळींमध्ये ओल्या गवताचे छोटे ढीग ठेवा. पहाटे, ऊन चढण्याआधी ते उलटून अळ्या वेचा आणि साबणाच्या पाण्यात टाका. उशीर झाला की त्या पुन्हा मातीत शिरतात. प्रादुर्भाव बहुधा ठिपक्या-ठिपक्यांनी असतो, त्यामुळे सगळे शेत पिंजून काढायची गरज नाही.

वेचणीने आवरले नाही तरच क्लोरपायरिफॉस २० ईसी (२० टक्के तीव्रतेचे, पाण्यात मिसळायचे द्रव कीटकनाशक), एकरी १ लिटर, किमान २०० लिटर पाण्यातून द्या. लेबलवर हरभरा आणि कटवर्म यांची नोंद असल्याची खात्री करा. फवारणी सूर्यास्ताच्या सुमारास, रोपांच्या बुडाशी आणि जमिनीवर पडेल अशी करावी. सकाळी पानांवर मारलेले औषध मातीतल्या अळीपर्यंत पोचतच नाही.