ऑनलाइन ओळखीतून कामाचे नाते कसे जोडावे

लिंक्डइनवर ओळखीची विनंती एका बटणावर जाते, आणि म्हणूनच बहुतेक विनंत्या कोऱ्या जातात. समोरची व्यक्ती ती स्वीकारते, पण आपल्याला तिच्याशीच का बोलायचे आहे हे तिला कळत नाही.

सुरुवात कोणापासून करावी? नोकरीची वार्ता जवळच्या मित्रांपेक्षा तोंडओळखीच्या माणसांकडून अधिक वेळा येते, असे अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली मांडले. लिंक्डइनच्या सुमारे दोन कोटी सदस्यांवरील अभ्यासाने २०२२ मध्ये त्याला पुस्ती जोडली: काही सामाईक परिचित असलेली, अगदी परकी नसलेली ओळख सर्वाधिक उपयोगी पडते. त्यामुळे पहिले संदेश मोठ्या पदावरील अनोळखी व्यक्तींना न पाठवता, जुन्या सहकाऱ्यांना आणि कॉलेजात आपल्यापुढे असलेल्यांना पाठवावेत.

समजा, आपण स्थापत्य अभियंता आहात आणि जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचे काम शिकू इच्छिता. मुंबईत ३० वर्षांहून जुन्या इमारतींचे स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, करून घ्यावे लागते, तेव्हा या कामातली जाणती माणसे येथे पुष्कळ आहेत. त्यांपैकी एखाद्या बाईंना ‘आपल्या मार्गदर्शनाची अपेक्षा आहे’ असे लिहिले, तर उत्तर काय द्यावे हेच त्यांना कळणार नाही. त्याऐवजी असे लिहावे: ‘नमस्कार मॅडम. गिरगावातल्या चाळीच्या दुरुस्तीवरचे आपले लेखन वाचले. लाकडी तुळया काढताना जिन्याकडचे टेकू कुठपर्यंत नेले होते? मी ठाण्यात दोन वर्षे दुरुस्तीच्या साइटवर आहे.’ याचे उत्तर दोन ओळींत देता येते, आणि विचारणाऱ्याने साइट पाहिली आहे हेही त्यातून दिसते. विनंतीसोबतच्या मजकुराला अक्षरमर्यादा असते, म्हणून काटछाट करावी लागेल. नमस्कार मात्र कापू नये. पहिल्याच संदेशाला बायोडेटा जोडणे मला तरी उंबरठ्यावरूनच जेवणाचे विचारण्यासारखे वाटते.

उत्तर न आल्यास दहा-बारा दिवसांनी एकदाच आठवण करावी.

उत्तर आल्यावर आभार मानून थांबणारे पुष्कळ असतात. त्या सल्ल्याचे पुढे काय झाले हे दोन महिन्यांनी आपणहून कळवणारे फार थोडे. ‘टेकू तळमजल्यापर्यंत नेले, स्लॅबला तडा गेला नाही’ एवढे एक वाक्य आणि साइटचा एक फोटो पुरतो, मात्र फोटो पाठवण्याआधी मालकाची परवानगी घ्यावी. त्यांच्या कामाची एखादी निविदा दिसली, तर न मागता तीही पाठवावी.

भेटीचा प्रस्ताव यानंतर, आणि तोही समोरच्याच्या वाटेवरचा. वांद्रे-कुर्ला संकुलातून (बीकेसी) संध्याकाळी सहाला बोरिवलीकडे निघणाऱ्या माणसाला उलट दिशेच्या फोर्टात चहाला बोलावू नये. गोरेगावच्या नेस्को प्रदर्शन केंद्रात बांधकाम साहित्याचे प्रदर्शन असेल आणि दोघेही जाणार असाल, तर तिथलीच वीस मिनिटे मागावीत.