कॅज्युअल्टीत डोकं दुखणारं मूल आलं की : नव्या रेसिडेंटसाठी

बालरोग विभागात नुकत्याच रुजू झालेल्या रेसिडेंटला रात्रीच्या ड्यूटीत डोकेदुखीचं मूल दिसलं की दोनच गोष्टी सुचतात : पॅरासिटामॉल लिहायचं, नाहीतर सी.टी.चा फॉर्म भरायचा. या दोन्हींच्या मधे जे करायचं असतं ते गर्दीत राहून जातं. सरकारी कॅज्युअल्टीत बरीच वर्षं काढल्यावर नव्या बॅचला मी पहिल्याच आठवड्यात जे सांगते, ते इथे लिहिते आहे.

बहुतेक मुलांचं डोकं तापामुळे, सर्दी-घशामुळे किंवा मायग्रेनमुळे दुखत असतं. गाठ, मेंदूज्वर, रक्तस्राव ही कारणं क्वचित सापडतात. त्यामुळे रात्री दोन वाजता नेमकं निदान झालंच पाहिजे असं नाही. हे मूल आज घरी पाठवता येईल का, एवढं मात्र ठरवावंच लागतं.

'किती दिवसांपासून दुखतंय?' हे सगळेच विचारतात. त्याहून उपयोगी प्रश्न म्हणजे दुखणं वाढत कसं गेलं. वर्षभर मधूनमधून डोकं दुखतं, मधले दिवस मूल खेळतं-खातं, असं असेल तर मला फारशी काळजी वाटत नाही. तीन आठवड्यांपासून रोज दुखतंय आणि रोज थोडं जास्त दुखतंय, हे ऐकलं की मी खुर्ची पुढे ओढते. दुखण्याने झोपेतून जाग येते का, सकाळी उठल्याउठल्या उलटी होते का, खोकताना किंवा शौचाला जोर लावताना कळ वाढते का, हे स्वतःहून विचारा, घरचे सांगत नाहीत. सांगतात ते 'पित्त झालंय'.

या पित्तापाशी जरा थांबा, कारण त्याखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी येतात. रोज सकाळची उलटी पित्ताची समजून महिनाभर अँटासिड घेतलेलं मूल मेंदूतल्या गाठीचं निघू शकतं. उलट, घरात कुणाला मायग्रेन आहे का असं विचारलं तर आई 'नाही' म्हणते. 'तुम्हाला पित्ताचा त्रास आहे का? डोकं दुखून उलटी झाली की बरं वाटतं, असं होतं का?' असं विचारा. 'अहो, माझ्या आईलाही होतं!' असं उत्तर आलं, तर मुलाच्या मायग्रेनची अर्धी हिस्टरी तुमच्या हातात आली. लहान मुलांचं मायग्रेन बरेचदा दोन्ही बाजूंना, कपाळावर असतं आणि दोन-तीन तासांतही ओसरतं. अर्धशिशी म्हणून अर्धंच डोकं दुखेल अशी वाट पाहू नका.

तपासणीत सर्वांत जास्त गाळली जाते ती गोष्ट म्हणजे बीपी. 'लहान मुलाचा कफ सापडत नाही' हे कारण मी ऐकून घेत नाही. वॉर्डबॉय मामांना वॉर्डात पाठवा, पण योग्य कफ (बीपी मोजताना दंडाला बांधायचा पट्टा) आणा. कफ लहान असला तर बीपी खोटं जास्त येतं, मोठा असला तर खोटं कमी. एक आठ वर्षांची मुलगी डोकेदुखी आणि उलट्यांसाठी आली होती. चेहरा थोडा सुजलेला, घरच्यांना वाटलं झोप झाली नाही म्हणून. बीपी भलतंच जास्त होतं आणि लघवी चहासारखी. महिन्याभरापूर्वी पायांवर फोड येऊन गेले होते. स्ट्रेप्टोकोकसच्या त्वचासंसर्गानंतर ३ ते ६ आठवड्यांनी मूत्रपिंडाला अशी सूज येऊ शकते, आणि असं बीपी वेळेत उतरवलं नाही तर झटके येतात. हे निदान सी.टी.ने झालं नसतं.

दुसरी गोष्ट, मुलाला चालवा. बेडवर झोपवून हातापायांची ताकद बघून 'सी.एन.एस. (मज्जासंस्था) नॉर्मल' लिहू नका. कॉरिडॉरमध्ये सरळ रेषेत, टाचेला पंजा लावून चालायला सांगा. मुलांच्या मेंदूत गाठ असलीच तर ती बरेचदा लहान मेंदूजवळ असते आणि अशा मुलाचा तोल इथेच जातो. नव्याने आलेला तिरळेपणा, मान एका बाजूला कलती धरणं, हेही पाहा. मग ऑफ्थॅल्मोस्कोपने डोळ्याच्या आत, दृष्टीची नस जिथे येते ती डिस्क बघा; डोक्यातला दाब वाढला की ती सुजते. पहिले काही महिने डिस्क दिसणारच नाही, तरी प्रत्येक मुलात बघत राहा. डिस्क नॉर्मल दिसली म्हणून डोक्यातला दाब वाढलेला नाही असं मात्र समजू नका. सुरुवातीला ती नॉर्मल असू शकते.

ताप असेल तर मान ताठ आहे का ते बघा आणि अंगावरचे पुरळ कपडे काढून शोधा. आपल्याकडे दोन-तीन आठवड्यांचा बारीक ताप, चिडचिड, घटलेलं वजन आणि घरात कुणाचं टीबीचं औषध चालू, ही जोडी दिसली की टीबीचा मेंदूज्वर डोक्यात आलाच पाहिजे. मूल गुंगीत असेल किंवा एखादी बाजू लुळी असेल तर स्कॅनआधी पाठीतलं पाणी काढू नका. पण जिवाणूंच्या मेंदूज्वराची शंका असेल तर स्कॅनसाठी अँटिबायोटिक अडवून ठेवू नका. डोक्यात शंट (मेंदूत साठणारं पाणी बाहेर वळवणारी नळी) असलेलं मूल डोकेदुखी आणि उलटीसाठी आलं, तर शंट तुंबलाय असंच धरून न्यूरोसर्जनला फोन करा.

हिवाळ्यात आणखी एक प्रश्न माझ्या यादीत असतो : घरात आणखी कुणाचं डोकं दुखतंय का? दोघी बहिणी एकापाठोपाठ अंघोळ करून आल्या आणि दोघींना चक्कर, मळमळ, डोकेदुखी. बाथरूममध्ये गॅस गीझर, खिडकी बंद. अशा गीझरमुळे होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेत साधा पल्स ऑक्सिमीटर छान ९९ दाखवतो, त्यावर विसंबू नका. मास्कने भरपूर ऑक्सिजन आधी लावा.

सी.टी.साठी वडील हट्ट धरतातच. चष्म्याचा नंबर असेल का, अभ्यास नको म्हणून नाटक करत असेल का, हेही त्याच दमात विचारतात. हिस्टरी साधी आणि तपासणी पूर्ण नॉर्मल असेल तर स्कॅनमधून क्वचितच काही निघतं, किरणोत्सर्ग मात्र मुलाला मिळतोच. त्यांना तसंच सांगा आणि तपासताना काय काय पाहिलं तेही सांगा. मुलाला समोर चालवून पाहिलेलं असलं की पालक बरेचदा शांत होतात. अर्थात लक्षणं खरोखर घातक असतील तर रात्रीच स्कॅन हवा. त्यात रक्तस्राव आणि मेंदूत साठलेलं पाणी कळतं. लहान मेंदूच्या भागासाठी एम.आर.आय. सरस, पण तो बहुधा सकाळी.

घरी पाठवण्याआधी दुखणं थांबवा. पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे, किलोमागे १५ मिलिग्रॅम. सिरपचा अंदाजे चमचा नको. पावसाळ्यात डोळ्यांमागे दुखणं आणि ताप असेल तर डेंग्यू गृहीत धरून आयबुप्रोफेन टाळा. ॲस्पिरिन मुलांना देऊच नका. अंधाऱ्या कोपऱ्यात तासभर झोपू दिलं तर मायग्रेनचं मूल बरेचदा उठून बिस्किट मागतं.

केसपेपरवर मराठीत लिहा : सकाळी उलट्या, तोल जाणं, दोन-दोन दिसणं, झोपाळूपणा, झटका, यांपैकी काही झालं तर लगेच परत या. गोळी आठवड्यात दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त लागत असेल तर ओपीडीत दाखवा. ओपीडीचा वार आणि खोली नंबरही लिहून द्या.